उभ्या मोटरहोमवर ताडपत्रीचं स्वस्त छत: मापं, सामान आणि बांधणी

टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीचं मोटरहोम करून घेतलं, की ती वर्षातले बरेच महिने दारात उभी राहते. तिचं खरं नुकसान तेव्हाच होतं. रूफ व्हेंटभोवतीचं (छतावरच्या हवेच्या झडपेभोवतीचं) सीलंट उन्हाने तडकतं, पावसाळ्यात त्याच फटीतून पाणी झिरपून आतल्या प्लायवूडमध्ये जातं, आणि दिवाळीत दार उघडल्यावर गादीखाली बुरशी सापडते. छत हवंच. मात्र लोक छतावरचं कापड निवडण्यात सगळा वेळ घालवतात आणि पाया उरकून टाकतात. करायचं असतं याच्या नेमकं उलट. ताडपत्री दोन-तीन पावसाळ्यांनी बदलावीच लागते. तिच्याखालचा सांगाडा आणि जमिनीतलं काँक्रीट एकदाच करायचं असतं, म्हणून पैसा तिथे घाला.

इथे दिलेलं छत १४ फूट रुंद आणि २८ फूट लांब आहे, दोन पाखी (दोन बाजूंचे उतार) आणि पाच कैच्यांचं (दोन खांब आणि दोन वासे जोडून होणाऱ्या चौकटींचं). वळचण (उताराची खालची कड) जमिनीपासून १० फुटांवर, मोभ (दोन उतार भेटतात तो शेंडा) १३ फुटांवर. यात ७ मीटरपर्यंत लांबीची आणि छतावरचं सगळं धरून साडेनऊ फूट उंचीपर्यंतची गाडी आरामात बसते. उंची मोजताना आरसीबुकातला आकडा घेऊ नका. छतावर नंतर बसवलेला एसी, सोलर पॅनल, व्हेंटची टोपी, कॅरियर हे सगळं त्यात नसतं. गाडी सपाट जागेवर उभी करा, सर्वांत उंच भागावर एक सरळ पट्टी आडवी धरा आणि पट्टीपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा.

आधी वारा समजून घ्या

अशा हलक्या छताला स्वतःच्या वजनाने कोसळण्याची भीती फारशी नसते. भीती असते ती उडून जाण्याची. आयएस ८७५ या बांधकामावरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पुणे आणि नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, मुंबई आणि नागपूरसाठी ४४ मीटर. म्हणजे ताशी सुमारे १४० आणि १५८ किलोमीटर. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ३९ मीटरला तो साधारण ९३ किलोचा भार होतो, ४४ ला ११८ किलोचा.

आपलं छत वरून पाहिलं तर ३६ चौरस मीटरचं. पुण्याच्या आकड्याचा निम्मा दाब जरी वर उचलायला लागला, तरी दीड टनाहून जास्त ओढ तयार होते. सांगाडा आणि ताडपत्री मिळून वजन जेमतेम पाचशे किलो. उरलेली ओढ पायानेच धरायची. म्हणून प्रत्येक खांबाला १८ इंच लांब, १८ इंच रुंद, २४ इंच खोल काँक्रीटचा ठोकळा घ्यायचा. तो साडेचार घनफुटांचा म्हणजे सुमारे ३०० किलोचा होतो. दहा खांबांचे तीन टन. त्यात सांगाड्याचं वजन मिळवलं की पुण्या-नाशिकच्या पूर्ण दाबालाही छत जागेवर राहतं. मुंबईत, नागपुरात आणि सगळ्या किनारपट्टीवर खड्डा २१ इंच चौरस घ्या. खोली तीच ठेवली तरी ठोकळा ४०० किलोच्या वर जातो.

जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागात घरांवरचे पत्रे उडून गेले. ते पत्रे आपल्या ताडपत्रीपेक्षा कितीतरी मजबूत होते. त्यामुळे चक्रीवादळाचा इशारा आला की ताडपत्री सोडून, गुंडाळून घरात ठेवायची. सांगाडा रिकामा असला की वारा त्यातून निघून जातो. अर्ध्या तासात कापड सुटावं म्हणूनच ते इथे स्क्रूने ठोकलेलं नाही, दोरीने ओवलेलं आहे.

जागा

नारळाखाली, फणसाखाली नको, हे सांगायला नको. आंब्याखालीही नको. तुडतुड्यांचा चिकटा कापडावर पडतो, त्यावर काळी बुरशी धरते आणि ती घासताना ताडपत्रीचा वरचा थर जातो. डोक्यावरून विजेची तार जात असेल तर ती जागा सोडाच. सहा मीटरचा पाइप उभा करताना तो किती वर जातो याचा अंदाज हातात धरेपर्यंत येत नाही.

किनाऱ्यावर पावसाळी वारा मुख्यतः पश्चिम-नैऋत्येकडून येतो. शक्य असेल तर छताची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे उघडी टोकं वाऱ्याच्या दिशेने राहतात आणि वारा आरपार जातो. आडवं छत ठेवलं तर पाऊस सरळ बाजूच्या खिडक्यांवर येतो. देशावर वळवाचा वारा कुठूनही येतो, त्यामुळे तिथे गाडी आत-बाहेर काढायची सोय बघून दिशा ठरवली तरी चालेल.

सोसायटीत असाल तर लेखी परवानगी घ्या. स्वतःच्या प्लॉटवर असाल तर सामासिक अंतरात (हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या जागेत) खांब येतो का, हे ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आधी विचारा. काँक्रीट ओतल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

सामान

जीआय पाइप (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) आयएस १२३९ या मानकाचा घ्यायचा. त्यावरच्या रंगीत पट्ट्याने वर्ग ओळखतात: पिवळा म्हणजे ए, निळा म्हणजे बी, लाल म्हणजे सी. दुकानात ‘वीस फुटी’ म्हणून मिळणारा पाइप खरा ६ मीटरचा, म्हणजे १९ फूट ८ इंचांचा असतो. खालची सगळी कापणी याच मापावर बेतलेली आहे.

- २ इंची (५० एनबी, म्हणजे पाइपाचं नाममात्र माप मिमीमध्ये) पाइप, बी वर्ग: १० नग. वजन सुमारे ३०५ किलो.
- १ इंची (२५ एनबी) पाइप, ए वर्ग: १४ नग. सुमारे १७० किलो.
- ६ मिमी प्लेटचे त्रिकोणी तुकडे, कैचीच्या सांध्यांसाठी: ३० नग. सुमारे २० किलो.
- १२ मिमी सळईचे १० इंची तुकडे: २० नग.
- ६ मिमी जीआय वायर रोप ६५ मीटर, टर्नबकल (दोर ताणायचे फिरते स्क्रू) १६, वायर रोप क्लिप ९६.
- सिमेंट ९ गोण्या, वाळू पाव ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट), २० मिमी खडी अर्धा ब्रास. खड्डे २१ इंची असतील तर सिमेंट १२ गोण्या, वाळू-खडीही तिसऱ्या हिश्श्याने जास्त.
- ताडपत्री २० बाय ३० फूट, २५० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम), यूव्ही स्टॅबिलाइज्ड (ऊन सोसणारी): १ नग.
- पॉलिएस्टरची ६ मिमी दोरी १०० मीटर, दोन इंची निवारपट्टी २५ मीटर.
- झिंक प्रायमर किंवा कोल्ड गॅल्व्हनायझिंगचा रंग १ लिटर, पाइपाची प्लास्टिक बुचं, सायकलच्या जुन्या ट्यूबा.

लोखंड वजनावर विकलं जातं, म्हणून वजनं दिली आहेत. त्या दिवशीच्या भावाने गुणलं की खर्च कळतो. दुकानदार ‘हलका पण चालतो’ म्हणून खांबांनाही पिवळ्या पट्ट्याचा पाइप देऊ करेल. दहा पाइपांत साठेक किलो वाचतं खरं, पण खांब गंजतो तो जमिनीलगत, आणि तिथे जाड भिंतीचा पाइप काही वर्षं जास्त काढतो. आडव्या पाइपांना ए वर्ग पुरेसा आहे.

ताडपत्रीचं जीएसएम छापलेल्या आकड्यावरून मानू नका, काट्यावर ठेवा. २० बाय ३० फूट म्हणजे ५५.७ चौरस मीटर. २५० जीएसएमची असेल तर वजन १४ किलोच्या आसपास भरलंच पाहिजे. दहा किलो भरली तर ती १८० जीएसएमची आहे. मापही उलगडून बघा, कारण कडा दुमडून शिवल्यावर वीस फूट म्हणून दिलेली ताडपत्री काही इंच कमी भरते. चार-पाच इंचांपर्यंत कमी चालेल. रंग वरून पांढरा किंवा रुपेरी घ्या. निळी-काळी ताडपत्री विदर्भातल्या मे महिन्यात इतकी तापते की गाडीच्या छताला सावली मिळूनही वरून झळ बसत राहते.

सर्वांत स्वस्त म्हणून बांबूचा मांडवही घालता येतो. पण प्रक्रिया न केलेला बांबू जमिनीत गाडला की कुजतो, वर भुंगा लागतो. एका पावसाळ्यापुरती सोय हवी असेल तरच तो विचार करा.

कापणी

या मापांची गंमत अशी, की पाइप जवळजवळ वायाच जात नाही. प्रत्येक २ इंची पाइपातून १२ फुटांचा एक खांब कापा. उरतो ७ फूट ८ इंचांचा तुकडा, तोच वासा. सात फूट आडवं आणि तीन फूट चढ असं मोजलं तर वाशाची लांबी ७ फूट साडेसात इंच लागते, म्हणजे अर्धा इंच कोन जुळवायला मिळतो. दहा पाइप, दहा खांब, दहा वासे, पाच कैच्या. एखादा पाइप ६ मीटरपेक्षा कमी निघाला तर तो परत करा. कापल्यावर परत घेणार नाहीत.

१ इंची पाइपातून १४ फुटांचा एकेक तुकडा काढा. हे १४ तुकडे सात आडव्या ओळींना लागतात: मोभाला एक ओळ, दोन्ही पाखांच्या मध्यावर एकेक, दोन्ही वळचणींना एकेक, आणि वळचणीखाली तीन फुटांवर दोन्ही बाजूंना एकेक ओळ. प्रत्येक ओळीत दोन तुकडे मधल्या कैचीवर भेटतात. प्रत्येक पाइपाचा ५ फूट ८ इंचांचा तुकडा उरतो. त्यातले पाच आडव्या कड्यांना जातात. त्या मोभाच्या खाली १४ इंचांवर दोन वाशांमध्ये बसतात. आणखी पाच मधोमध कापले की २ फूट १० इंचांचे दहा तिरपे टेकू होतात. चार तुकडे उरतात, ते दुरुस्तीला ठेवा.

गाडी साडेनऊ फुटांहून उंच असेल तर खांब वाढवावा लागेल आणि हा हिशेब मोडेल. मग खांबांचे आणि वाशांचे पाइप वेगळे मोजून घ्या. वासा आखूड करून उतार कमी करायचा मोह टाळा. उतार सातास तीन हवाच, कमी केला की पाणी साचतं.

आखणी आणि खड्डे

एका कोपऱ्यातून दोऱ्या ताणा आणि काटकोन ६-८-१० ने काढा: एका दोरीवर ६ फूट, दुसरीवर ८ फूट, दोन खुणांमधलं अंतर बरोबर १० फूट. मग चारही कोपऱ्यांचे कर्ण मोजा. १४ बाय २८ चा कर्ण ३१ फूट साडेतीन इंचांच्या किंचित पुढे येतो. दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट गुण्यात आहे. एक इंचाचा फरक आताच काढा. ताडपत्री चौकोनी असते. सांगाडा तिरका असेल तर एका कोपऱ्यात ती झोळीसारखी लोंबते आणि पुढचे सगळे पावसाळे तिथेच पाणी साचतं.

लांबीच्या दोन्ही बाजूंना दर ७ फुटांवर खड्डे, एका बाजूला पाच. खोली २७ इंच. तळाला ३ इंच खडी टाकून धुमसा. खांबाचं टोक या खडीवर टेकवायचं, म्हणजे पाइपात शिरलेलं पाणी खाली निघून जातं. टोक काँक्रीटमध्ये बंद झालं तर पाइप आतून गंजतो आणि बाहेरून काही कळत नाही.

काळ्या मातीत हे माप पुरत नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि ठोकळा तिच्याबरोबर वर-खाली होतो. मुरूम लागेपर्यंत खणा आणि जादा खोली मुरूम-खडीने धुमसून भरून घ्या. कोकणात जांभा लागला तर खणायला त्रास होतो, पण धरतो उत्तम. तिथे खड्ड्याच्या बाजू गुळगुळीत करू नका, खडबडीत ठेवा.

कैच्या

पाचही कैच्या जमिनीवरच जोडा. सपाट फरशीवर किंवा काँक्रीटवर खडूने पूर्ण मापाची आकृती काढा: १४ फूट रुंदी, १० फूट वळचण, १३ फूट मोभ. खांबाचे खालचे २४ इंच जमिनीत जाणार, हे आकृतीतही खाली वाढवून दाखवा. पहिली कैची या आकृतीवर जुळवा आणि बाकीच्या चार तिच्यावरच ठेवून जोडा. वेगवेगळ्या जोडल्या तर मोभाची रेघ नागमोडी येते.

मोभाला वाशांची टोकं २३ अंशांत कापून भिडवा. मोभाला आणि दोन्ही वळचणींना, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांना एकेक त्रिकोणी प्लेट लावा. टेकू खांबावर वळचणीपासून २० इंच खाली आणि वाशावर वळचणीपासून २० इंच आत बसतो. हे टेकू विसरले तर कैची वरून दिसायला तशीच दिसते, पण वाऱ्यात पत्त्यांच्या घरासारखी बाजूला झुकते, कारण गाडीला वाट हवी म्हणून वळचणीच्या पातळीवर आपण आडवा पाइप ठेवलेला नाही.

खांबाच्या खालच्या टोकापासून ४ आणि १० इंचांवर सळईचे तुकडे एकमेकांना आडवे वेल्ड करा. गुळगुळीत पाइप काँक्रीटमधून उपसला जाऊ शकतो, हे तुकडे त्याला अडवतात.

वेल्डिंगआधी जोडाभोवतीचं जस्त दोन इंचांपर्यंत घासून काढा. जस्त जळाल्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डरला ते माहीत असतं, तरी घाईत तो घासत नाही. काम उघड्यावर करा, वारा पाठीमागून असू द्या. २ इंची पाइपाला ३.१५ मिमी आणि १ इंचीला २.५ मिमी रॉड वापरा. पातळ पाइपाला जाड रॉड लावला तर भोकं पडतात. जोड थंड झाला की स्लॅग ठोकून काढा, वरची गाठ ग्राइंडरने सपाट करा आणि त्याच दिवशी झिंकचा रंग दोन हात द्या. रंग पुढच्या आठवड्यावर टाकला तर गंज आधी येतो.

उभारणी

एक कैची सत्तर-पंचाहत्तर किलोची. पाच माणसं लागतात: दोघं खांबांच्या पायाशी, दोघं उचलायला, एकजण मोभाला बांधलेली दोरी समोरून धरून. उचलण्यापूर्वी दोन खांबांना खाली एक आडवा पाइप तात्पुरता बांधा, नाहीतर पाय फाकतात आणि १४ फुटांचं अंतर जातं.

आधी दोन टोकांच्या कैच्या उभ्या करा, ओळंबा लावा, तिरक्या काठ्यांनी धरा. दोघींच्या मोभांमध्ये आणि वळचणींमध्ये दोऱ्या ताणा आणि मधल्या तिन्ही त्या दोरीला लावा. जमीन उतरती असेल तर खड्ड्यातली खडी कमी-जास्त करून उंची जुळवा, खांब कापून नव्हे.

काँक्रीट १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी). गोणीला २५ ते २७ लिटर पाणी, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पातळ काँक्रीट ओतायला सोपं असतं, पण ताकद तिथेच जाते. सळईने टोचत भरा. वरचं तोंड जमिनीपासून दोन इंच उंच करा आणि खांबापासून बाहेर उतरतं थापा. हे दोन इंच फार महत्त्वाचे आहेत. खांब आणि काँक्रीट भेटतात तिथे पाणी थांबलं की खांब बरोबर तिथूनच कुजतो. सात दिवस ओल्या गोणपाटाने पाणी मारा. तोवर काठ्या काढू नका आणि ताडपत्री चढवू नका.

काँक्रीट धरल्यावर सातही ओळींचे आडवे पाइप वेल्ड करा. मोभाचा, मधले आणि वळचणीचे वाशांच्या वर, खालच्या दोन ओळी खांबांच्या बाहेरून. मग दोन्ही टोकांच्या गाळ्यांत (दोन कैच्यांमधल्या जागेत), दोन्ही बाजूंना आणि दोन्ही पाखांना वायर रोपच्या फुल्या मारा. फुल्या नसतील तर पाचही कैच्या लांबीच्या दिशेने एकदम कलंडू शकतात. बाजूची फुली गाडीच्या दारासमोर येत नाही ना, हे गाडी आत उभी करून आधी बघा.

क्लिप लावताना चूक हमखास होते. प्रत्येक टोकाला तीन क्लिपा, आणि तिन्हींची खोगीर-बाजू ताण असलेल्या लांब दोरावर, यू आकाराचा बोल्ट परतून आलेल्या आखूड टोकावर. उलटं लावलं तर यू ताणाच्या दोराला चिरडतो आणि दोर तिथेच तुटतो. टर्नबकल दोराचा झोल जाईपर्यंतच फिरवा. जास्त ताणलं तर कैची ओढली जाऊन ओळंब्यातून जाते.

ताडपत्री

आधी सगळ्या पाइपांवरून उघडा तळवा फिरवा. जिथे बोचतं तिथे ताडपत्री फाटेल. घासा, आणि सांध्यांवर सायकलची ट्यूब उभी चिरून गुंडाळा. पाइपांची तोंडं बुचांनी बंद करा, नाहीतर गांधीलमाशा आत घर करतात.

चारही गाळ्यांच्या मध्यावर, वळचणीपासून मोभावरून पलीकडच्या वळचणीपर्यंत, एकेक निवारपट्टी ताणून बांधा. पट्टी कापडाच्या खाली राहते. पाइपांमध्ये कापडाला टेकण मिळतं आणि पाणी साचायची जागाच उरत नाही. ओंजळभर पाण्याची खळगी पुढच्या सरीत घमेलंभर होते, तिच्या वजनाने कापड आणखी ताणलं जातं, मग बादलीभर. शेवटी फाटते ती ताडपत्री नव्हे, आयलेट (कडेचं दोरी ओवायचं भोक). ताडपत्रीची छतं बहुतेक वेळा याच क्रमाने जातात.

ताडपत्री मोभावर मध्य जुळवून पसरा. दोन पाखांना सव्वापंधरा फूट लागतात, उरलेली दोन्ही बाजूंना सव्वादोन फुटांच्या आसपास खाली येते. टोकांना एकेक फूट जादा राहते, ती शेवटच्या वाशाखालून आत वळवून जवळच्या निवारपट्टीला ओवा. बाजूच्या कडा खालच्या आडव्या पाइपाला दोरीने ओवायच्या. प्रत्येक आयलेटमधून दोरी खाली पाइपाभोवती, पुन्हा पुढच्या आयलेटला, अशी अखंड. सुटे तुकडे बांधले तर एकाच आयलेटवर सगळा ताण येतो. अखंड दोरीत तो वाटला जातो.

दोरी पॉलिएस्टरचीच का? नायलॉन भिजलं की सैल पडतं, नेमकं पावसात. साधी प्लास्टिक दोरी उन्हाने वर्षभरात ठिसूळ होते. पॉलिएस्टर दोन्ही सहन करतं.

ताडपत्री भर दुपारी, तापलेली असताना ताणा. प्लास्टिक उन्हात सैलावतं, थंडीत आखडतं. सकाळच्या गारव्यात ताणलेली दुपारी लोंबते. शेवटी प्रत्येक गाळ्यावरून, कापडाच्या वरून, एकेक दोरी एका बाजूच्या खालच्या पाइपापासून दुसऱ्या बाजूच्या पाइपापर्यंत घट्ट बांधा. या चार दोऱ्यांमुळे कापड फडफडत नाही. कापडाला फाडणारी खरी गोष्ट वाऱ्याचा जोर नसते, ती सतत एकाच जागी होणारी फडफड असते.

मग शिडीवरून होजने पाणी मारा आणि खाली उभं राहून वर बघा. कुठेही काळी सावली जमताना दिसली तर तिथे पट्टी ताणा. ही तपासणी मे महिन्यात करा, जूनमध्ये नाही.

पाणी जातं कुठे

१०० मिलिमीटर पावसात या छतावरून साडेतीन हजार लिटरच्या वर पाणी पडतं, आणि ते सगळं खांबांच्या दोन ओळींत. बाजूंना फूटभर रुंद, फूटभर खोल चर खणून त्यात मोठी खडी भरा आणि तिला उतार द्या. चर खांबाच्या बाहेरून हवा; ठोकळ्याला लागून खणला तर पायाच उघडा पडतो. गाडीखाली मुरूम धुमसून वर खडी टाका, चाकांखाली जाड फळ्या ठेवा.

गाडीच्या बाजूने

छताखाली आलेल्या मोटरहोमच्या सोलर पॅनलला ऊन मिळत नाही, ही गोष्ट बॅटरी बसल्यावरच लक्षात येते. गाडीतल्या घरगुती वापराच्या बॅटरीवर फ्रिजचा, अलार्मचा, गॅस सेन्सरचा बारीक भार चालूच असतो. मेन स्विच बंद करा आणि चार्जर महिन्यातून एकदा तरी लावा. त्यासाठी किंवा दिव्यासाठी छताखाली वीज आणली तर सांगाड्याला अर्थिंग कराच.

गाडीवर वेगळं प्लास्टिकचं कव्हर घालू नका. वर छत असताना त्याची गरज नाही, आणि कव्हराखाली दमट हवा कोंडून बुरशी धरते. रूफ व्हेंट बोटभर उघडा ठेवा, जाळी असेलच. गाद्या उभ्या करा, कपाटांची दारं उघडी ठेवा. गॅस सिलिंडर काढून ठेवा, आणि छताखाली स्टोव्ह किंवा शेगडी पेटवू नका. ताडपत्री पेटली तर वितळलेलं प्लास्टिक खाली गाडीवर पडतं.

देखभाल

बांधल्यावर दोन दिवसांनी सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणा, नवी ताडपत्री थोडी बसतेच. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी आणि प्रत्येक मोठ्या वाऱ्यानंतर एक फेरी मारा: आयलेट, दोऱ्या, टर्नबकल, खांबांचे पाय. खांबाच्या पायाशी गंजाचा ठिपका दिसला की तारेच्या ब्रशने घासून झिंकचा रंग द्या. वर्षातून एकदा हे केलं तर सांगाडा खूप वर्षं चालतो.

ताडपत्री कधी बदलायची हे मोभावरच्या भागावरून ठरवा, तिथे ऊन सर्वांत जास्त लागतं. कडेला चिमटीत धरून घडी घाला आणि नखाने दाबा. घडीवर बारीक चिरा उमटल्या किंवा बोटाला पांढरी भुकटी लागली तर ती पुढचा पावसाळा काढणार नाही. उतरवलेली ताडपत्री फेकू नका, मधला खराब पट्टा कापून उरलेल्या भागाखाली खडी-वाळू झाकता येते.

पुढे पत्रे घालावेसे वाटले तर हाच सांगाडा चालतो. पाखावरच्या आडव्या पाइपांमधलं अंतर ३ फूट १० इंच आहे, अर्धा मिमी जाडीच्या पत्र्याला ते पुरतं. पत्रे गोल पाइपावर जे-बोल्टने बसवा. मात्र वादळात ते ताडपत्रीसारखे सोडून ठेवता येत नाहीत, म्हणून पत्र्यांचा विचार मनात असेल तर खड्डे पहिल्याच दिवशी २१ इंची घ्या.